नाव बदलायला गेलं की ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे’: रीस्टार्टने जातं आणि परत येतं

एक्सेलची फाइल निवडली, एफ-टू दाबलं, नवं नाव लिहून एंटर मारलं, आणि विंडोजने पाटी टाकली: ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असल्यामुळे काम पूर्ण करता येत नाही, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा. खाली दोन बटणं, ‘ट्राय अगेन’ आणि ‘कॅन्सल’. माणूस ‘ट्राय अगेन’ दाबतो. पाटी परत. डोळ्यांसमोरच्या सगळ्या विंडो बंद करतो. पाटी परत. शेवटी वैतागून मशीन रीस्टार्ट करतो आणि नाव मुकाट बदलतं.

ठाण्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. नौपाड्यातल्या सीए मंडळींकडून हा फोन महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आगेमागे हमखास येतो. ११ला जीएसटीआर-१ या जीएसटी रिटर्नची मुदत, २०ला जीएसटीआर-३बीची, आणि त्या दिवसांत वर्किंगच्या एकाच फाइलवर सगळं ऑफिस तुटून पडलेलं असतं. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांना हे ड्रॉइंगचं रिव्हिजन चढवताना छळतं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ऑफिसात सभेच्या इतिवृत्ताला ‘मसुदा’ऐवजी ‘अंतिम’ असं नाव देताना. सगळीकडे तोडगा एकच ठरलेला, रीस्टार्ट. तो लागू पडतो हीच तर अडचण आहे. रीस्टार्टने पकड सुटते, पण पकडलं कोणी होतं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रोग्राम तीच फाइल धरून बसतो. तेव्हा रीस्टार्टचं बटण दाबायच्या आधी, पकड चालू असतानाच, शोध घ्यायचा.

आधी पाटी वाचा

फोनवर मी पहिल्यांदा विचारतो, “पाटीवर नेमकं काय लिहिलंय?” उत्तर बहुतेक वेळा येतं, “तेच हो, नाव बदलत नाही.” पण नाव न बदलण्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाची पाटी वेगळी असते.

बिलाचा नंबर फाइलला द्यायचा असेल तर घोळ हमखास होतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाच्या क्रमांकात डॅश आणि तिरकी रेघ दोन्ही चालतात, त्यामुळे ‘२५-२६/०४५’ असा नंबर अगदी कायदेशीर आहे. विंडोजच्या फाइलनावात मात्र तिरकी रेघ चालत नाही. उलटी तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, चांदणी, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि कोनी कंस हेही चालत नाहीत. तिथे फाइल कुठे उघडी आहे ते शोधून काही उपयोग नाही. रेघेच्या जागी डॅश घाला.

दुसरं कारण लांबीचं. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत सगळा पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. मराठीत नावं देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, विंडोज प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा मोजतं. ‘कार्यकारिणी’ डोळ्यांना पाच अक्षरांची दिसते, विंडोजच्या हिशेबात ती ११ होते. फोल्डरात फोल्डर घालत गेलेल्या सोसायटीच्या रेकॉर्डमध्ये ही मर्यादा लवकर गाठली जाते.

परवानगी नसल्याची पाटी तिसरी. ती आली तर फोल्डरचे हक्क तपासायचे.

पाटीवर स्वच्छ ‘दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ असंच असेल, किंवा वर्ड, एक्सेल, अॅक्रोबॅट असं प्रोग्रामचं नावच दिलेलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

विंडोज का अडवतं

प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा विंडोजला दोन गोष्टी सांगतो. मला हिचं काय करायचं आहे, आणि माझ्या हातात असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचं. या दुसऱ्या भागात तीन मोकळिका असतात: वाचण्याची, लिहिण्याची आणि पुसण्याची. नाव बदलण्यासाठी चौथी वेगळी मोकळीक नाही. ती पुसण्यातच धरली जाते, कारण फोल्डरच्या यादीतून जुनं नाव तर जातंच. वर्ड, एक्सेल, अॅक्रोबॅट हे प्रोग्राम चालू फाइलवर ही तिसरी मोकळीक सहसा देत नाहीत. म्हणून फाइल वाचता येते, कॉपीही बहुधा करता येते, पण नाव बदलता येत नाही. विंडोजच्या आतल्या भाषेत हा शेअरिंग व्हायोलेशन, एरर क्रमांक ३२.

लिनक्स आणि मॅकवर मुळात विचार वेगळा आहे. तिथे नाव म्हणजे फोल्डरमधली एक नोंद आणि फाइल म्हणजे त्या नोंदीमागचा आयनोड, डिस्कवरची तिची खरी ओळख. उघडलेला प्रोग्राम आयनोडला धरून असतो, त्यामुळे नोंद बदलली तरी त्याची पकड सुटत नाही. मॅकवर तर प्रिव्ह्यूमध्ये उघडलेल्या पीडीएफचं नाव बाहेरून बदललं की विंडोच्या मथळ्यातही ते बदललेलं दिसतं. घरी मॅक आणि ऑफिसात विंडोज वापरणारे म्हणूनच “माझ्या घरच्याला हे होत नाही” असं सांगतात, आणि ते खरं असतं.

विंडोजच्या या कडकपणाला गमतीशीर अपवाद आहे. चालू असलेल्या प्रोग्रामच्या स्वतःच्या ईएक्सई फाइलचं नाव विंडोज बदलू देतं, पुसू मात्र देत नाही. कित्येक अपडेटर याच वाटेने जुनी फाइल बाजूला सारून जागेवर नवी ठेवतात.

फोल्डरलाही हाच न्याय. आतली एखादी फाइल उघडी असली की अख्ख्या फोल्डरचं नाव अडतं. आत एकही फाइल उघडी नसताना अडत असेल, तर कुठेतरी कमांड प्रॉम्प्टची काळी विंडो त्या फोल्डरात उभी नाही ना ते बघा. तेवढंही पुरतं.

आपल्याच मशीनवरचे संशयित

प्रोग्राम समोर उघडा दिसत असेल तर तो बंद करणं उघड आहे, ते सांगायची गरज नाही. फोन येतो तो काहीच उघडं दिसत नसताना. अशा वेळी माझा पहिला संशय एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू पेनवर असतो. फोल्डरच्या विंडोत उजव्या बाजूला फाइलचं चित्र दिसतं ना, तेच. तुम्ही फाइलवर नुसतं एकदा क्लिक करता, ती निवडता, आणि प्रिव्ह्यू पेन ती गुपचूप उघडून तिचं पहिलं पान दाखवतो. म्हणजे नाव बदलण्यासाठी फाइल निवडणं हेच ती उघडण्याचं कारण ठरतं. बहुतेक वेळा तो लगेच सोडतो. पण फाइल मोठी असेल, पीडीएफ किंवा चार्टांनी भरलेली एक्सेल असेल, किंवा फोल्डर नेटवर्कवरचं असेल, तर सोडायला रेंगाळतो. ऑल्ट आणि पी एकदम दाबलं की पेन बंद होतो. मग दुसऱ्या एखाद्या फाइलवर क्लिक करा, क्षणभर थांबा, आणि पुन्हा पहिल्या फाइलचं नाव बदलून बघा. बदललं तर चोर सापडला. पेन कायमचा बंद ठेवा. त्याची सवय झालेले लोक कुरकुर करतात, पण दर महिन्याला रीस्टार्ट करण्यापेक्षा फाइल डबल क्लिकने उघडून बघणं बरं.

दुसरा संशयित म्हणजे विंडो बंद होऊनही मागे जिवंत राहिलेला प्रोग्राम. एक्सेलमध्ये हे फार होतं, विशेषतः दुसरं एखादं सॉफ्टवेअर त्याला मागच्या मागे चालवत असेल किंवा अॅड-इन घातलेले असतील तेव्हा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा. समोर एक्सेलची एकही विंडो नाही आणि यादीत मात्र एक्सेल आहे, तर ते भूत. ते संपवायच्या आधी स्क्रीनवर एक्सेलची दुसरी कुठली वर्कबुक उघडी नाही याची खात्री करा. एक्सेल साधारणपणे सगळ्या वर्कबुक एकाच प्रोसेसमध्ये उघडतं, त्यामुळे ‘एंड टास्क’ मारलं की सगळ्या एकदम जातात.

स्कॅनर वापरणाऱ्यांनी स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरकडे पाहावं. अनेक पानांची पीडीएफ बनवताना ते ‘पुढचं पान आहे का?’ असं विचारत थांबून राहतं. पानं संपली, माणूस उठला, ‘फिनिश’ कोणी दाबलंच नाही. फाइल फोल्डरात दिसते, पण सॉफ्टवेअरच्या हातातून सुटलेली नसते.

अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, विंडोजचं सर्च इंडेक्सिंग हेही फाइलला हात लावतात, पण क्षणभरच. नुकतीच सेव्ह केलेली फाइल लगेच रिनेम करताना पाटी आली आणि थोड्या वेळाने आपोआप जमलं, तर यांच्यापैकी कोणीतरी होतं. विषय सोडून द्या. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करून ठेवू नका. वनड्राइव्हचं मोठं अपलोड चालू असेल तर त्याच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सिंक थोडा वेळ थांबवता येतं.

अंदाज सोडा, नाव काढा

संशयितांची यादी संपली तरी फाइल सुटत नसेल, तर विंडोजलाच विचारायचं. बाहेरून काही आणायला नको. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडा. वरच्या ‘सीपीयू’ टॅबमध्ये खाली ‘असोसिएटेड हँडल्स’ अशी मिटलेली पट्टी असते, ती उघडा. हँडल म्हणजे प्रोग्रामची फाइलवरची पकड. तिच्या उजव्या टोकाला शोधायची चौकट आहे. तिथे फाइलच्या नावाचा एखादा तुकडा टाका, सगळं नाव नको. थोड्या वेळात यादी येते: कोणता प्रोग्राम, त्याचा प्रोसेस क्रमांक, आणि त्याने धरलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता.

या यादीत ‘प्रेव्हहोस्ट’ दिसलं तर तो प्रिव्ह्यू पेनचाच नोकर. ‘डीएलएलहोस्ट’ दिसलं तर बहुधा फोटो किंवा व्हिडिओची छोटी चित्रं बनवण्याचं काम रेंगाळलेलं. ‘एक्सप्लोरर’ दिसलं तर त्या फोल्डरच्या सगळ्या विंडो बंद करून एकच नव्याने उघडा. ओळखीच्या प्रोग्रामचं नाव आलं तर तो सरळ मार्गाने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या विंडोतून बंद करा. ‘एंड प्रोसेस’ शेवटी.

जिथे ही तक्रार वारंवार येते तिथे मी मायक्रोसॉफ्टची पॉवरटॉइज ही मोफत साधनांची पेटी टाकून देतो. २०२२मध्ये तिच्यात फाइल लॉकस्मिथ नावाचं साधन आलं. फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करायचं, ‘अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ’ निवडायचं, की धरणाऱ्या प्रोग्रामांची यादी समोर. रिसोर्स मॉनिटरपेक्षा हे ऑफिसातल्या कोणालाही जमतं. दुसऱ्या यूजरने चालू केलेले प्रोग्राम त्यात दिसायचे असतील तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं, तेवढं लक्षात असू द्या.

सापडलेलं नाव कुठेतरी लिहून ठेवा. मी मशीनच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारीख, फाइल आणि प्रोग्राम इतकंच लिहायला सांगतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच नाव आलं की कारण पक्कं झालं, आणि मग इलाज एकदाच करायचा.

पकडणारा दुसऱ्या टेबलावर असेल तेव्हा

शेअर केलेल्या फोल्डरातल्या फाइलसाठी वरचा सगळा शोध वाया जातो. रिसोर्स मॉनिटर आणि फाइल लॉकस्मिथ आपल्या मशीनवरचेच प्रोग्राम दाखवतात. फाइल धरणारी व्यक्ती पलीकडच्या केबिनमध्ये असेल, किंवा संध्याकाळी मशीन चालू ठेवून, स्क्रीन लॉक करून कर्जत लोकल पकडायला गेलेली असेल. ठाण्याच्या छोट्या ऑफिसांतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी याच असतात असं मला वाटतं.

वर्ड आणि एक्सेल फाइल उघडल्यावर त्याच फोल्डरात ~$ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल बनवतात. तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. लिबरऑफिसही अशीच एक फाइल बनवतं, तिचं नाव टिंबाने सुरू होतं. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या वस्तू दाखवा असं सांगितलं की ती दिसू लागते. खोपट डेपोत खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखी ती असते. जागा घेतली आहे एवढं इतरांना कळावं म्हणून. आणि रुमालासारखीच कधीकधी माणूस उतरून गेल्यावर मागे राहते, कारण वर्ड अडकून पडलं किंवा वीज गेली.

इथे मोठा गैरसमज आहे. ही ~$ फाइल पुसली की कुलूप उघडेल असं सांगणारे खूप भेटतात. पण रुमालाने विंडोज अडत नाही. सीटवर खरंच कोणी बसलंय का एवढंच ते बघतं. मागे राहिलेली ~$ फाइल उघडताना त्रास देते, ‘अमुक व्यक्तीने फाइल लॉक केली आहे’ असं वर्ड सांगत राहतं. नाव बदलण्याच्या आड ती येत नाही. म्हणजे नाव अडलं असेल तर फाइल कुठेतरी खरोखर उघडी आहे. ~$ फाइल निमूटपणे पुसली गेली तर ती शिळी होती, आणि पुसू देत नसेल तर सहसा मालक अजून जागेवर आहे.

त्या फाइलमधलं नाव वाचलं की काम झालं, असं वाटतं. मग कळतं की सगळ्याच मशीनवर नाव एकच आहे. मशीन विकत घेताना दुकानदाराने जे टाकलं ते, ‘अॅडमिन’ किंवा नुसतं ‘यूजर’. “फाइल ‘अॅडमिन’ने लॉक केली आहे” हे वाचून बिचारी माणसं माझ्याकडे बघतात, कारण त्यांच्या लेखी अॅडमिन म्हणजे मी. यावर उपाय सोपा आहे आणि तो एकदाच करायचा आहे. प्रत्येक मशीनवर वर्ड उघडा, ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘जनरल’, आणि तिथल्या ‘यूजर नेम’मध्ये त्या टेबलावर बसणाऱ्याचं खरं नाव टाका. मराठीत टाकलं तरी चालतं. पुढच्या वेळी पाटीवर ‘अॅडमिन’ऐवजी ‘सुजाता, रिसेप्शन’ असं येईल आणि तिथल्या तिथे हाक मारून काम होईल. या एका बदलाने जितके फोन कमी झाले तितके दुसऱ्या कशानेही झाले नाहीत.

नाव मिळालंच नाही तर ज्या मशीनवर ते फोल्डर प्रत्यक्ष आहे तिथे जाऊन बसा. स्टार्टवर राइट क्लिक, ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’, त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘ओपन फाइल्स’. नेटवर्कवरून उघडलेल्या सगळ्या फाइल आणि त्या कोणी उघडल्या ते तिथे दिसतं. सगळे एकाच लॉगिनने शिरत असतील तर शेजारच्या ‘सेशन्स’मध्ये जोडलेल्या मशीनचं नाव किंवा पत्ता मिळतो. फोल्डर नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर असेल तर अशी यादी त्याच्या स्वतःच्या अॅडमिन पानावर शोधायची.

‘ओपन फाइल्स’मध्ये राइट क्लिक करून उघडी फाइल जबरदस्तीने बंद करता येते. करू नका, किमान आधी फोन करा. पलीकडच्या स्क्रीनवर अर्ध्या तासाचं न साठवलेलं काम असू शकतं, आणि ज्याचं गेलं तो पुढच्या वेळी मशीन चालू ठेवून जाणार नाही हे खरं असलं तरी तो धडा शिकवायची ही जागा नाही.

फोटोंची फोल्डर ही आणखी एक जात. सोसायटीच्या गळतीचे, रंगकामाचे, पार्किंगच्या भांडणाचे फोटो नेटवर्कवरच्या फोल्डरात ठेवलेले असतात. त्या फोल्डराचं नाव बदलायला गेलं की अडतं, आत एकही फोटो उघडा नसताना. तिथे एक्सप्लोररच थंब्स.डीबी नावाच्या लपलेल्या फाइलला धरून असतो. छोटी चित्रं त्यात साठवलेली असतात. विंडोज व्हिस्टापासून स्वतःच्या डिस्कवरच्या फोल्डरांसाठी ही फाइल लागत नाही, नेटवर्कवर मात्र ती अजून बनते. आधी व्ह्यू ‘डिटेल्स’वर करा, फोल्डरमधून बाहेर या, थोडं थांबा, मग बाहेरून नाव बदला. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी या सेटिंगच्या एडिटरमध्ये नेटवर्कवर थंब्स.डीबी बनवणंच बंद करता येतं. होम आवृत्तीत ते एडिटर नसतं. तिथे फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल कधीच नको’ ही खूण करणं हा सोपा पर्याय.

ड्रॉइंग आणि जोडलेल्या वर्कबुक

वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधली तक्रार वरवर तशीच, पण तिचं शेपूट लांब. ऑटोकॅड ड्रॉइंग उघडताना शेजारी डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ अशा दोन छोट्या फाइल बनवतं. कोणी, कोणत्या मशीनवर उघडलंय हे त्यात असतं आणि त्या नोटपॅडमध्ये वाचता येतात. ड्रॉइंगवाल्यांसाठी मालक शोधायची ही सगळ्यात जवळची वाट.

मात्र मालक सापडून, फाइल बंद होऊन, नाव बदलल्यावर खरी कटकट सुरू होते. तुकड्यांची ड्रॉइंग मुख्य ड्रॉइंगला एक्सरेफने, म्हणजे बाहेरच्या फाइलच्या संदर्भाने, जोडलेली असतात आणि जोड नावावर असते. ‘बेस प्लेट आर१’चं ‘आर२’ केलं की असेंब्लीच्या ड्रॉइंगमध्ये त्या जागी रेफरन्स सापडत नाही एवढाच मजकूर उरतो. म्हणून रिव्हिजन फाइलच्या नावात न ठेवता टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत ठेवावं आणि जुनी आवृत्ती तारखेच्या फोल्डरात कॉपी करून ठेवावी, असं माझं मत आहे. चालू फाइलचं नाव वर्षभर तेच. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना हे पटत नाही, कारण क्लायंटला पाठवताना नावात आर२ दिसायला हवं असतं. मग पाठवायच्या पीडीएफला ते नाव द्या, मूळ ड्रॉइंगला नको.

एक्सेलच्या एकमेकांना जोडलेल्या वर्कबुकची गत तीच. बाहेरून नाव बदललं की दुसऱ्या फाइलमधली लिंक तुटते, आणि ‘डेटा’मधल्या ‘एडिट लिंक्स’मध्ये (नव्या एक्सेलमध्ये ‘वर्कबुक लिंक्स’) जाऊन नवा पत्ता द्यावा लागतो. त्यापेक्षा दोन्ही वर्कबुक उघड्या ठेवा आणि मूळ फाइल ‘सेव्ह अॅज’ने नव्या नावाने साठवा, उघड्या असलेल्या दुसऱ्या वर्कबुकमधली लिंक आपोआप नव्या नावावर जाते. तीही सेव्ह करायला विसरू नका.

जे अडवत नाहीत त्यांची भीती जास्त

पाटी टाकणाऱ्या प्रोग्रामांवर लोक चिडतात. मला न अडवणाऱ्यांची जास्त धास्ती असते. साधा जुना नोटपॅड फाइल वाचून घेतो आणि लगेच सोडून देतो. नाव बिनबोभाट बदलतं. पण नोटपॅडच्या डोक्यात जुनंच नाव असतं. त्यात एक ओळ बदलून कंट्रोल-एस दाबलं की जुन्या नावाची फाइल पुन्हा जन्माला येते, नवा बदल तिच्यात, आणि तुम्ही नाव दिलेल्या फाइलमध्ये जुनाच मजकूर. जीएसटी पोर्टलवर चढवायची जेसन फाइल कोणी ‘नुसती बघायला’ नोटपॅडमध्ये उघडतो, मध्येच नाव बदलतो, सवयीने सेव्ह करतो, आणि मग कोणती चढवायची यावर वाद होतो. दोन्ही फाइल ‘डेट मॉडिफाइड’ने लावून बघा, नंतरची वेळ जुन्या नावावर दिसली तर हेच झालं आहे.

नोटपॅड प्लस प्लस निदान विचारतं, फाइल आता जागेवर नाही, एडिटरमध्ये ठेवू का? त्या प्रश्नावर डोळे झाकून ‘येस’ म्हणणारे असतात, पण तो त्यांचा प्रश्न.

पीडीएफ नुसत्या वाचायच्या आणि नावं द्यायच्या असतील, जशा स्कॅन केलेल्या पावत्या असतात, तर सुमात्रा पीडीएफ हा छोटा मोफत वाचक वापरावा. तो फाइल अडकवून ठेवत नाही, आणि त्याच्यातच एफ-टू दाबून उघड्या फाइलचं नाव बदलता येतं. फोटोंसाठी इरफानव्ह्यूमध्येही एफ-टूच. बघायचं, नाव द्यायचं, पुढे जायचं. अशा कामाला ही उलट उत्तम सोय आहे, कारण ज्याने फाइल उघडली तोच नाव बदलतो, त्यामुळे त्याला नवं नाव ठाऊक असतं.

ढीगभर फाइल एकदम निवडून नाव बदलताना मध्येच एक अडली तर ‘स्किप’ दाबून पुढे जायचा मोह होतो. क्रमांकांच्या रांगेत मग एक भोक पडतं आणि ते महिनाभराने ऑडिटच्या वेळी सापडतं. ‘स्किप’पेक्षा ‘कॅन्सल’ करून, एक्सप्लोररमध्येच कंट्रोल-झेडने बदललेली नावं मागे घ्या, अडलेली फाइल सोडवा आणि पुन्हा सुरुवात करा.

घाई असेल तर

क्लायंट फोनवर आहे, फाइल नव्या नावाने पाठवायचीच आहे, धरणारा सापडत नाही. अशा वेळी फाइल कॉपी करा, डेस्कटॉपवर पेस्ट करा, कॉपीचं नाव बदला आणि पाठवा. पण कॉपीत शेवटचं सेव्ह झालेलंच येतं. पलीकडच्या स्क्रीनवर आत्ता टाइप होत असलेलं येत नाही. आणि पाठवून झालं की डेस्कटॉपवरची कॉपी पुसा, नाहीतर उद्या कोणीतरी तिच्यातच काम सुरू करेल.

तुमच्याच वर्डमध्ये फाइल उघडी असेल तर ‘सेव्ह अॅज’ने नवं नाव द्या आणि जुनी फाइल पुसा. फाइल वनड्राइव्हवर असेल तर नव्या वर्डमध्ये विंडोच्या मथळ्यातल्या नावावर क्लिक करून उघडी असतानाच नाव बदलता येतं. गुगल डॉक्समध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे दस्तऐवजाची ओळख त्याच्या आतल्या आयडीवर असते, नाव कितीही वेळा बदला, लिंक तीच राहते.

‘अनलॉक करा’ म्हणून इंटरनेटवर मिळणारी अनोळखी सॉफ्टवेअर घेऊ नका. काहींसोबत नको त्या जाहिराती आणि टूलबार येतात. सिसइंटर्नल्सच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोग्राम न संपवता त्याच्या हातातली एकच फाइल सोडवण्याची सोय आहे, आणि ते साधन मायक्रोसॉफ्टचंच आहे. पण ती सोय मी वापरत नाही. प्रोग्रामला कळत नाही की हातातलं सुटलं. त्याच हँडल क्रमांकावर विंडोज नंतर दुसरीच फाइल देऊ शकतं, आणि प्रोग्राम पहिली समजून तिच्यात लिहून मोकळा होतो.

रीस्टार्ट केल्याकेल्या, काहीही उघडायच्या आधीच पाटी येत असेल, तर पकडणारा विंडोजसोबत चालू होतोय. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतले बॅकअप, सिंक आणि स्कॅनरचे प्रोग्राम एकेक करून बंद करून बघा. तरीही उलगडा झाला नाही आणि माणूस बोलवायची वेळ आली, तर पाटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पूर्ण पाटीचा, मागे फोल्डरचा पत्ता दिसेल असा, आणि पाटी आली ती वेळ लिहून. आणि तो येईपर्यंत मशीन रीस्टार्ट करू नका.